हंबीररावांचा मळा : निरंक

मित्रांनो, मी एक जुने तिकीट-यंत्र आहे. सांगलीहून विट्याकडे जाणाऱ्या लाल गाडीत, मंगल कंडक्टरच्या गळ्यात असते. घाईने बोलले तर राग मानू नका. माझा कागद कधी संपेल याचा नेम नाही, आणि एक-दोन दिवसांत माझ्या जागी नवे यंत्र येणार आहे.

मी आले तेव्हा कंडक्टरकडे तिकिटांची पेटी असे, हातात टिकटिक करणारा पंच असे. लोक माझ्यावर वाकून पाहत. "काय मशीन हाय गड्या, हाटेलच्या बिलावानी तिकीट येतंय!" फार कौतुक झाले. मग सरले. आता माझ्या बॅटरीचे झाकण रबर लावून बांधले आहे. एक बटण तर दोनदा दाबल्याशिवाय हूं म्हणत नाही.

आठवण मात्र शाबूत आहे. कोण कुठे चढले, कुठले तिकीट घेतले, सगळे. रोज संध्याकाळी आगारातला संगणक ते माझ्या पोटातून उतरवून घेतो.

तासगाव सोडले की चिंचफाट्याच्या अलीकडे एक थांबा लागतो. हंबीररावांचा मळा. हंबीररावांनी आपल्या द्राक्षबागेची कड थांब्याला दिली, म्हणून ते नाव. ते आता नाहीत. त्यांच्या पत्नी लीलाबाई आठवड्यातून दोनदा डायलिसिसला सांगलीला जातात. परत येताना सीटवर बसूनसुद्धा त्यांना धाप लागते.

आणि आगाराने कागद काढला : प्रवासी नसल्याने हा थांबा बंद करण्याचे योजले आहे.

म्हणजे लीलाबाईंनी पुढे चिंचफाट्यावर उतरायचे आणि उन्हातून मागे चालत यायचे. त्या अवस्थेत!

त्यांची नात क्रांती कॉलेजात शिकते. तिने माहितीच्या अधिकारात अर्ज केला. या थांब्यावर चढलेल्या-उतरलेल्या प्रवाशांची तिकीट-यंत्रातली संख्या द्या. मी हरखून गेले. इतक्या वर्षांत माझ्याकडचे काही कुणाला हवे होते!

उत्तर आले.

हंबीररावांचा मळा. चढ-उतार : निरंक.

त्याच आठवड्यात क्रांती आजीला घेऊन सांगलीहून गाडीत बसली आणि मंगलवर तडकली. "निरंक? माझी आजी काय उडत जाती व्हय घरी?"

"माझ्यावर कशाला डाफरतीस? मशीनला इचार."

मला विचारा ना! मी खोटे बोलत नव्हते. माझ्या आठवणीत खरोखरच तो मळा कुठेही

कागद संपला. थांबा.

हं. नवा रोल लागला.

तेवढ्यात लीलाबाई म्हणाल्या, "एक चिंचफाटा द्या, बाई."

क्रांती गर्रकन वळली. "आजे, आपण मळ्यावर उतरतो की! चिंचफाटा कशाला?"

"गप गं."

"सांग आधी."

लीलाबाईंनी पदर सारखा केला. "मालकांचं नाव घिऊ व्हय भरल्या गाडीत?"

मंगलने कपाळावर हात मारला. "आगं, मळ्याच्या समद्याच बायका चिंचफाटा मागत्यात! भाडं एकच, म्हणून मी बी मागितलं ते फाडत गेले."

हंबीरराव कुणाचे सासरे, कुणाचे थोरले दीर. सकाळी जातानाही त्या बायका 'फाट्यापासनं' एवढेच म्हणत. मळ्यातले गडी मोटारसायकलवर फिरतात. मुलांकडे पास असतो, पासवाल्यांना मी मोजत नाही. उरल्या या बायका.

"मग उखाण्यात घे नाव," क्रांती म्हणाली.

"ते गेल्यावर उखाणा घेत न्हाईत, पोरी."

"मग थांबा जाईल, आजे."

माधवनगर मागे पडले. मंगल तिकिटासाठी तशीच उभी, माझे बटण तसेच. मला तर क्षणभरही स्थिर राहवेना. मग लीलाबाईंनी समोरचा दांडा घट्ट धरला.

"डांबरी रस्ता तापला, डोक्यावर उन्हाळा,
तिकीट फाडा मंगलबाई, हंबीररावांचा मळा!"

मागून कुणीतरी ओरडले, "वन्स मोर, आजी!"

"मेल्या, तिकीट एकदाच फाडत्यात!"

ते नाव माझ्या कागदावर पहिल्यांदा उमटले.

मळ्यातल्या बाकीच्या बायकाही मग कुणी उखाण्यात, कुणी लाजत, कुणी पदराआडून ते नाव घेऊ लागल्या. क्रांतीने पुन्हा अर्ज केला. या वेळी निरंकच्या जागी आकडे आले. शेवटी एक ओळ होती : 'थांबा पुढील आदेशापर्यंत चालू.'

पुढील आदेशापर्यंत! हे शब्द मला चैन पडू देत नाहीत. तो आदेश कधी निघेल? आणि मला पुसून कपाटात टाकतील, तेव्हा संगणकातले हे आकडे तरी कुणी जपून ठेवील का? अर्ज करा, मित्रांनो. आम्ही पुसले जाण्याआधी विचारा. पण एक ध्यानात ठेवा, आमच्या कानावर जे घातले जाते, तेवढेच आम्ही सांगू शकतो.

काल लीलाबाई फार थकल्या होत्या. तोंड उघडले, पण आवाज फुटेना. मंगल बोट बटणावर धरून थांबली. आणि मागच्या बाकावरच्या सुना, कॉलेजच्या पोरी, कुठले कोण परगावचे पाहुणे, सगळी गाडी ओरडली, "हंबीररावांचा मळा!"

"आवं, एकच तिकीट हाय," मंगल म्हणाली, "एवढं बोंबलू नगा!"

बोंबला, मित्रांनो. उद्या येणारे यंत्र नवे आहे. त्याला मळा अजून ठाऊक नाही.