भुईपाड्याची गाडी

पेठच्या स्टँडवरून भुईपाड्याला पुढे वाहन नाही. गाठोडं डोक्यावर, आणि चढ.

खुशनुमाचा रोजा. टेबलावरचा चहा शेजारच्या खुर्चीवरच्या तृप्तीचा. समोर खुशनुमाने मजुरांच्या गाड्यांसाठी बनवलेली वेबसाइट, वर तिचा नियम:

आधी नाव, आधी खिडकी.

खालच्या गाळ्यात प्रेस मशीन: धप्. धप्. सातपूरची दुपार.

फोन.

विंचूरहून ललित, द्राक्षांच्या पॅकिंग शेडचा सुपरवायझर. "मॅडम, मजुरांच्या होळीच्या गाड्या उद्या सुटणार. एका गावची दहा माणसं झाली तरच गाडी थेट गावात, नाहीतर पेठला उतरायचं. आणि तुमची वेबसाइट म्हणते, एकाही गावची दहा होत नाहीत."

"काय दाखवतेय?"

"भुईपाडा एक. भुईपाडा एक. परत भुईपाडा एक. पानभर तेच."

मागून बाईचा आवाज आला. "तिला सांग दादा, आम्ही लय जणी हाय! आमच्याबिगर होळी पेटल का?"

"ही भागीबाई," ललित म्हणाला. "सकाळपासून इथून हलत नाहीये."

खुशनुमाने कोड उघडला. गावानुसार मोजायचं, हे तिने बरोबर लिहिलं होतं. पण नोंदींच्या तक्त्याला तिनेच एक कायमचा क्रम लावून दिला होता: आधी नाव देईल तो वर. जागेवरून भांडणं नकोत म्हणून. मोजतानाही तो क्रम सुटला नव्हता. वेळेप्रमाणे लावायचं, म्हणून संगणकाने गटही गाव आणि वेळ दोन्ही बघून पाडले होते. नाव दिल्याची वेळ कुठल्याही दोघींची कशी जुळणार?

तृप्ती स्क्रीनवर वाकली. "अगं, प्रत्येकीने आपला वेगळा पाडा वसवलाय!"

"हस तू. चहा पी तुझा."

मोजण्याआधी क्रम काढून टाक, असं सांगणारा एक रिकामा कंस. तेवढाच टाकायचा होता.

धप्.

भुईपाडा. एकच ओळ. तेवीस.

"ललितभाऊ, आता बघा."

ललितने शेडमधल्या गोंगाटात आकडा मोठ्याने वाचला. मग भागीबाई: "बघ! मी काय म्हणत होते?"

"आणि बसायची यादी, मॅडम?"

"ती होती तशीच. आधी नाव, आधी खिडकी."

दुसऱ्या दिवशी ललितने गाडी सुटतानाचा फोटो पाठवला, खाली लिहिलं होतं: 'मागे भागीबाई'. पुढच्या खिडकीच्या पहिल्या जागेवर गाठोड्यांचा ढीग. भागीबाई पार मागच्या बाकावर, पाचसहा जणींत दाटीने बसलेली, मांडीवर कुणाचं तरी तान्हं, तोंड भरून हसणारी. खुशनुमाने फोटो मोठा करून पाहिला.

यादीत सगळ्यांत वर नाव भागीबाईचं होतं; ती खिडकी तिची होती.