सुट्टीच्या दिवसाची थरथर

आमच्या विद्यापीठाचा वार्षिक अहवाल चांगला जाडजूड असायचा आणि त्यात काय नसायचं ते विचारा. विझलेल्या ताऱ्यांची धूळ, मुंग्यांच्या वाटा, बर्फात अडकलेल्या बुडबुड्यांचं वय, पोरं शाळा का सोडतात, सासवा-सुनांचं कोणत्या महिन्यात जास्त वाजतं, सगळं एकाच पुठ्ठ्यात बांधलेलं. कुलगुरू दरवर्षी भाषणात सांगायचे की ज्ञानाची सगळी दालनं आतून जोडलेली असतात. प्रत्यक्षात आमच्या इमारतीतून समाजशास्त्राच्या इमारतीत जाणारं मधलं दार कायम कुलूपबंद होतं आणि किल्ली कुणाकडे असते हे कुणालाच ठाऊक नव्हतं. मी तिथे एकतीस वर्षं नोकरी केली, पण ती किल्ली एकदाही मागितली नाही.

त्या अहवालात एक पान माझं असायचं आणि एक माझ्या धाकट्या बहिणीचं. मी भूकंपाचा माणूस, ती समाजशास्त्राची. आई म्हणायची, "एकाला दगडांचं ऐकू येतं, एकीला जगाचं. घरातल्या म्हातारीचं ऐकायला कुणी शिकलं नाही."

खरं सांगायचं तर बहिणीच्या कामाला मी काम मानतच नव्हतो. ती पत्र्याचे डबे ठोकणाऱ्या कारखान्यातल्या बायकांकडे जाऊन बसायची, त्यांचं बोलणं वहीत उतरवायची. "गप्पा मारायचा पगार मिळतो हिला," असं मी जेवताना हमखास म्हणायचो. तीही काही ऐकून घेणाऱ्यातली नव्हती. "दादा, तुझा भूकंप वर्षातून दोनदा येतो. बाकीचे दिवस तू काय करतोस?" माझी बायको नेहमी नणंदेच्याच बाजूने हसायची.

बाकीचे दिवस मी गाळण्या लावायचो. आमचं यंत्र विज्ञान इमारतीच्या तळघरात, दगडी चौथऱ्यावर होतं. लांबच्या भूकंपाची लाट संथ असते, सावकाश श्वास घेतल्यासारखी. पण यंत्राला सगळंच जाणवतं. ट्रक, लिफ्ट, जिन्यावरून धावणारी पोरं आणि अर्ध्या किलोमीटरवरचा तोच डब्यांचा कारखाना, ज्याचे ठोके दिवसभर धडधडत असत. या सगळ्याला आमच्या धंद्यात 'माणसांचा गोंगाट' म्हणतात. मी अशी गाळणी बसवली होती की भराभर येणारी प्रत्येक थरथर संगणकात शिरण्याआधीच पुसली जाई. मूळ नोंद ठेवायला जागा नव्हती, आणि ठेवायची गरजही मला कधी वाटली नाही. माझी नोंद सगळ्या देशात स्वच्छ समजली जायची. तिचा मला गर्व होता.

बहिणीचा विषय साधा होता. कामगार बायका आठवड्याच्या सुट्टीला काय करतात? कपडे धुतात की माहेरी जातात की नुसत्या झोपतात, असं काहीतरी तिला लिहायचं होतं. दोन वर्षं दर आठवड्याला ती त्यांच्याकडे गेली, आणि हाती आलं ते भलतंच. त्यांना सुट्टी नव्हतीच. पुढच्या फाटकाला कुलूप लागायचं, बायकांना मागच्या दाराने आत घ्यायचे, हजेरी मांडायचे नाहीत. तिने पदवीच्या प्रबंधात तसं लिहिलं. विभागाने तो छापला आणि पंधरा दिवसांत कारखान्याच्या मालकाचं पत्र आलं की हा सगळा बनाव आहे, सुट्टीच्या दिवशी आमचं एकही यंत्र चालत नाही.

चौकशी समिती बसली. समिती म्हणाली, बायकांची नावं द्या, आम्ही विचारतो. बहीण म्हणाली, नावं सांगणार नाही असा शब्द देऊनच त्यांना बोलतं केलंय. समितीवर रसायनशास्त्राचे आणि गणिताचे लोक होते. त्यांना हे चमत्कारिक वाटलं. साक्षीदार आहेत, पण दाखवणार नाही. मलाही चमत्कारिक वाटलं. मी तिला म्हणालो, "छोटे, नावं देऊन टाक की." ती म्हणाली, "दादा, त्यांची कामं जातील." तेवढ्यावर आमचं बोलणं संपलं.

मग समितीच्या अध्यक्षांना एक युक्ती सुचली. ते रसायनशास्त्राचे, माझ्या रोजच्या चहाच्या टेबलावरचे. म्हणाले, "तुझं यंत्र तर कारखान्याच्या पायाशीच आहे. बघ ना, सुट्टीच्या दिवशी काही हलतं का." बहिणीला वाचवायची ती शेवटची संधी होती आणि ती माझ्या हातात होती. मी खाली गेलो, संगणकावर सुट्टीचे सहा दिवस उघडून पाहिले. रेघ सरळ. सहाही दिवस, सकाळपासून संध्याकाळपर्यंत, साधी सुरकुतीसुद्धा नाही. मी वर आलो आणि सांगितलं, "हालचाल नाही."

त्या वेळी मला काय वाटलं तेही सांगतो, लपवण्यात अर्थ नाही. मला फार थोर वाटलं. सख्खी बहीण असून मी सत्याशी तडजोड केली नाही, असं मी बायकोला दोन-तीनदा ऐकवलं. बहिणीची पदवी अडली, नोकरी गेली. घरी येणं तिने सोडलं नाही, पण जेवताना माझ्या भूकंपांची चेष्टा करायचं सोडलं.

याला सोळा वर्षं झाली. गेल्या महिन्यात मी निवृत्त झालो. माझ्या जागी आलेल्या नव्या संशोधिकेला तळघर समजावून देत होतो, तर एका कोपऱ्यात तिला पत्र्याच्या नळकांड्या सापडल्या. आमचा जुना मेकॅनिक हट्टी होता. संगणकावर त्याचा काडीचा विश्वास नव्हता. मी बंद करायला सांगितलेलं जुनं सुईचं यंत्र तो गुपचूप चालू ठेवायचा, रोज ड्रमवर कोरा कागद चढवायचा आणि उतरवलेला कागद तारीख घालून गुंडाळून ठेवायचा. त्या यंत्राला गाळणी नव्हती.

तिने एक कागद पसरला, मग दुसरा. म्हणाली, "सर, हे काय आहे? सकाळी आठपासून पट्टा काळा, दुपारी अर्धा तास मोकळा, परत काळा."

"डब्यांचा कारखाना," मी म्हणालो. "तो अर्धा तास जेवणाचा."

"पण ही तारीख तर सुट्टीच्या दिवसाची आहे." ती संगणकाकडे वळली. जुनी नोंद तिने उघडली आणि सुट्टीचा नव्हे, सरळ कामाचाच एक दिवस काढला. "आणि सर, इथे तर चालू दिवशीही काहीच दिसत नाही."

मी खुर्चीत बसलो. कारखाना ज्या दिवशी नक्की चालू होता, तो एक दिवस उघडून बघायचं मला सुचलं नव्हतं. पहिल्या वर्षाच्या पोराला सुचलं असतं. ज्या रेघेत कामाचा दिवस दिसत नाही, तिच्यात सुट्टीचा काय दिसणार? कारखाना मीच पुसला होता आणि मीच जाऊन सांगितलं होतं की कारखाना दिसत नाही. नाकाने कांदे सोलत सांगितलं होतं.

तीन दिवस बसून मी त्या दोन वर्षांचे कागद लावले. एकशे चार सुट्ट्या. त्यांतल्या एक्याण्णव दिवशी काळा पट्टा होता. मग नळकांडी काखेत मारून बहिणीकडे गेलो. वरातीमागून घोडं कसं असतं ते त्या दिवशी मला पाहायचं असतं तर आरशात बघणं पुरलं असतं.

ती एका दातांच्या दवाखान्यात नोंदणीला बसते. काचेमागे टेबल, वही, फोन. समोर चार खुर्च्या, त्यांतल्या एकीचा पाय डुगडुगता. आतून ड्रिलचा बारीक आवाज येत होता. दुपार होती, कुणी रुग्ण नव्हता. मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं, गाळणीचं, मेकॅनिकचं, त्या एका न उघडलेल्या दिवसाचं. कागद तिच्या टेबलावर पसरला. तिने बोटाने तो काळा पट्टा आठपासून जेवणाच्या सुट्टीपर्यंत चाचपला.

"मी विद्यापीठाला पत्र लिहितो," मी म्हणालो. "तुझी अडलेली पदवी तुला मिळवून देतो. सगळं माझ्या सहीने."

"लिही," ती म्हणाली. "पण त्या बायकांना कुठून शोधशील? कारखाना बंद होऊन नऊ वर्षं झाली. त्यातली एक मला बाजारात भेटायची. दर वेळी एकच विचारायची, 'ताई, आमचं बोलणं खोटं कसं काय निघालं?' पुढे पुढे ती दिसली की मीच रस्ता बदलायचे."

काहीतरी बोलायचं म्हणून मी आकडा सांगितला. "एक्याण्णव दिवस, छोटे. एकशे चारपैकी एक्याण्णव."

"त्र्याण्णव," ती म्हणाली.

"एवढ्या वर्षांनी आठवणीत एक-दोनचा फरक पडतोच," मी बोलून गेलो.

तिने कागदावरच्या तारखेवर बोट ठेवलं. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. "दोन दिवसांचे कागदच नाहीत," मी म्हणालो. "मेकॅनिक रजेवर होता."

"आणि ते दोन दिवस तू बंद धरलेस."

"हो."

"बायका कॅलेंडरवर खूण करायच्या, दादा. मी दर आठवड्याला बघून मोजायचे. तुला सांगितलं असतं. तू विचारलं नाहीस." आवाज तिने चढवला नव्हता. कागद गुंडाळत म्हणाली, "आता एक मी विचारते. खरं सांग. समितीला 'नाही' सांगितलंस, त्या दिवशी तुला वाटलं होतं का, की मी हे सगळं मनाने रचलंय?"

बाहेर जिन्यावर कुणाची तरी पावलं वाजत होती. मला सांगता आलं असतं की माझा गोंधळ झाला होता, यंत्रावर विश्वास ठेवला, असं कुणाचंही झालं असतं. या तीन दिवसांत मी हीच वाक्यं घोकली होती.

"हो," मी म्हणालो. "वाटलं होतं."

तिने मान हलवली. सोळा वर्षं ती माझ्या घरी जेवायला येत होती आणि हे तिला माहीत होतं. डोळे भरून आले ते माझे, तिचे नाही. गुंडाळी तिने काचेच्या फटीतून माझ्याकडे सरकवली.

दार ढकलून एक माणूस आत आला, गालाला रुमाल लावलेला. मी बाजूला झालो आणि त्या डुगडुगत्या खुर्चीत बसलो. बहिणीने वही पुढे ओढली, त्याचं नाव लिहिलं, वय लिहिलं.

"कधीपासून दुखतंय?"

"अकरा दिवस झाले."

तिने अकरा लिहिलं.