या कानाचं त्या कानाला

जेवायचं टेबल पहिल्याच दिवशी गेलं. रेडिओवाल्यांनी त्यावर जुनी चादर अंथरली, "दोन दिवसांचं काम आहे," म्हणाले, आणि बंद पडलेल्या थिएटरातून आणलेला एक ट्रान्सफॉर्मर त्या चादरीवर ठेवला. तो एवढा जड होता की टेबल कुरकुरलं. त्या दिवसापासून नवरा-बायको ताट मांडीवर घेऊन जेवत होते. दोन दिवसांचा महिना झाला, तरी चादर हलली नव्हती.

रेडिओवाल्यांनी चाळीस वर्षं रेडिओ दुरुस्त केले होते. दुकान बंद करताना त्यांनी एक स्क्रूसुद्धा टाकला नाही, सगळा पसारा पलंगाखाली आणला. त्यांची बायको शाळेत गाणं शिकवायची, म्हणून सगळे तिला मास्तरीणबाई म्हणायचे. बाई वीस वर्षं पाच जणांच्या एका वाद्यवृंदात गिटार वाजवत होत्या. गावातलं नवं वाचनालय एका रविवारी दुपारी उघडणार होतं आणि तिथे वाजवायला या पाच जणांना बोलावलं होतं. अशा वेळी बाईंच्या गिटारचा आवाज मोठा करणाऱ्या अँपनं धूर सोडला आणि मान टाकली.

"विकत कशाला आणायचा? मी करतो की," रेडिओवाले म्हणाले. "काचेच्या व्हॉल्व्हचा करतो, जुन्या रेडिओंसारखा. आणि स्टिरिओ! माणसाला कान दोन, मग आवाज एकाच बाजूनं का?"

दोन कान म्हटल्यावर बाईंनी घाईनं विषय बदलला. दोन वर्षांपूर्वीच्या तापात त्यांचा डावा कान गेला होता, पार गेला होता, आणि ही गोष्ट त्यांनी कोणालाही सांगितली नव्हती. या कानाचं त्या कानाला कळू द्यायचं नाही म्हणतात, ते त्यांनी अक्षरशः पाळलं होतं. रस्त्यानं नवऱ्याच्या डाव्या हाताला चालायचं, चार माणसांत कोपऱ्यातली खुर्ची पकडायची आणि काही ऐकू आलं नाही की गोड हसून "हो" म्हणायचं. त्या "हो"पायी न्हाणीघराला राखाडी रंग लागला होता आणि शेजारणीचं चिडकं मांजर पंधरा दिवस घरात नांदून गेलं होतं.

तेही चाललं असतं. पण ड्रम सुरू झाले की बाईंना स्वतःची गिटार ऐकू यायची नाही. बोटं सवयीनं फिरत, ती बरोबर पडली की चुकीची हे मात्र कळत नसे. वाजवून झालं की त्या एकेकाचं तोंड निरखत. सगळे "छान" म्हणत, आणि त्या "छान"ची त्यांनी धास्ती घेतली होती, कारण वर्गातल्या बेसूर पोरांना त्या स्वतः अगदी त्याच आवाजात "छान" म्हणत आल्या होत्या. दया म्हणून कोणी आपल्याला सांभाळून घ्यावं, याइतकी नकोशी गोष्ट त्यांना दुसरी नव्हती. त्यांनी मनाशी पक्कं केलं होतं. शेवटच्या तालमीत आपली गिटार आपल्याला ऐकू आली नाही, तर ती तिथेच खाली ठेवायची, कायमची. त्यासाठीचं रडूनही त्यांनी आधीच उरकून घेतलं होतं, म्हणजे ऐन वेळी शोभा नको.

इकडे रेडिओवाल्यांना चेव चढला होता. एका मेलेल्या रेडिओग्रामच्या पोटात त्यांना दोन बाजूंच्या स्पीकरांना लागणारे दोन जुळे ट्रान्सफॉर्मर सापडले, तेव्हा त्यांनी बाईंना हाताला धरून ओढत आणून दाखवले. व्हॉल्व्ह नऊ रेडिओंतून निघाले. केक भाजायच्या ट्रेला भोकं पाडून त्यांनी सांगाडा केला, त्यामुळे त्या महिन्यात केक झाला नाही आणि ट्रे कुठे गेला म्हणून बाईंनी अर्धं घर उचकलं. चालू सेटची तपासणी करताना त्यांचा डावा हात खिशात असे, कारण आत तीनशे व्होल्ट होते आणि दोन्ही हात घालणारे मेकॅनिक म्हातारे होत नाहीत, असं ते सांगत. सेट बंद केल्यावरही कंडेन्सरमधली वीज उतरेपर्यंत ते बाईंना टेबलाजवळ फिरकू देत नसत. "ते बंद झाल्यावरही चावतं," म्हणायचे.

बाईंच्या गिटारला तारांचा आवाज टिपणारे दोन पिकअप होते. वरच्यातून गोल, मऊ आवाज निघायचा आणि खालच्यातून टोकदार. एरवी दोन्ही आवाज मिसळून एकाच वायरीतून बाहेर पडत. रेडिओवाल्यांनी गिटारचं पोट उघडून दोघांना वेगळ्या वायरी दिल्या. मऊ आवाज एका बाजूच्या स्पीकरला, टोकदार दुसऱ्या बाजूच्या. हाच त्यांचा स्टिरिओ.

आता या माणसाची एक खोड सांगायला हवी. रेडिओ दुरुस्त करणारा रेडिओकडे कायम मागून बघतो. पुढून बघायला गिऱ्हाईक असतं. चाळीस वर्षांत रेडिओवाल्यांचं डावं-उजवंही मागूनच ठरायला लागलं होतं. साखर कपाटात उजवीकडे आहे असं ते म्हणाले, की बाई मुकाट्यानं डावीकडे हात घालत आणि साखर सापडत असे. कपाटाच्या मागे तर भिंत होती, तरी हा माणूस मनानं त्या भिंतीत शिरूनच कपाट बघत होता.

घरच्या चाचणीला सेटचं तोंड भिंतीकडे आणि पाठ खोलीकडे होती. दोघं पाठीकडच्या बाजूला शेजारी शेजारी बसले, स्पीकरचे खोके दोन स्टुलांवर, एक इकडे, एक तिकडे. व्हॉल्व्ह तापेपर्यंत रेडिओवाले श्वास रोखून होते. बाईंनी तार छेडली आणि त्यांच्या उजव्या कानात आपली गिटार लख्ख उतरली.

"कसं वाटतंय?" रेडिओवाल्यांनी विचारलं.

"छान," बाई म्हणाल्या, आणि दोन वर्षांत पहिल्यांदा हा शब्द त्यांच्या तोंडून खरा निघाला. टोकदार आवाज नेमका आपल्या चांगल्या कानाकडे आला, हे नशीब म्हणायचं, असं त्यांना वाटलं. नवऱ्याला मात्र त्यांनी ताकास तूर लागू दिली नाही.

शेवटची तालीम बस डेपोतल्या टायरच्या खोलीत होती, कारण ड्रम वाजवणारे ड्रायव्हरदादा तिथलेच. वाद्यवृंद चालवायचे दातांचे डॉक्टर, ते अॅकॉर्डियन वाजवत. बाकीचे दोघे टायरांवर बसून वाद्यं जुळवत होते. रेडिओवाल्यांनी अँप बाईंच्या समोर मांडला, खोके त्यांच्याकडे तोंड करून दोन बाजूंना ठेवले आणि स्वतः अँपच्या मागे ठाण मांडलं. व्हॉल्व्ह मागूनच दिसतात.

डॉक्टरांनी मान हलवली, ड्रम सुरू झाले. बाईंनी वाजवायला घेतलं आणि त्यांच्या उजव्या कानात ड्रम, अॅकॉर्डियन आणि त्यांच्या तळाशी नुसतीच एक मऊ घुमघुम आली. त्यांनी जोरात वाजवून पाहिलं. घुमघुम जोरात झाली. टोकदार आवाजाचा पत्ता नव्हता. डॉक्टर त्यांच्याकडे बघून हसले, फार प्रेमानं हसले, आणि बाईंना काय समजायचं ते समजलं.

त्या मध्येच थांबल्या. गिटार टायरला टेकवून ठेवली.

"डॉक्टर, माझ्या जागी दुसरं कोणीतरी बघा," त्या म्हणाल्या. "अजून चार दिवस आहेत."

"काय झालं?" ड्रमच्या आवाजावर आवाज काढून रेडिओवाले मागून ओरडले. "अगं, ऐकू येत नाही का? असं कसं होईल? त्या बाजूला मी एक व्हॉल्व्ह जास्त टाकलाय! तुला डाव्या कानानं ऐकू येत नाही म्हणून तर टोकदार सगळं उजवीकडे दिलंय!"

ड्रम नेमके "डाव्या"शी थांबले होते. उरलेलं वाक्य टायरच्या खोलीत सगळ्यांना स्वच्छ ऐकू गेलं.

रेडिओवाल्यांनी आधी बायकोकडे पाहिलं, मग तिच्या डावीकडच्या खोक्याकडे, मग आपल्या उजव्या हाताकडे. तो हात बरोबर त्याच खोक्याच्या दिशेला होता.

"अरे देवा," ते म्हणाले आणि त्यांनी कपाळाला हात लावला. "मी मागे आहे."

बाईंचा चेहरा लालबुंद झाला होता. त्यांना राग आला होता, लाज वाटत होती आणि रडू येत होतं, सगळं एकदम, आणि आधी उरकलेलं रडणं काही कामाला आलं नाही.

"कधीपासून माहीत आहे तुम्हाला?"

"तू फोन उजव्या कानाला धरायला लागलीस तेव्हापासून. पूर्वी तुझ्या उजव्या हातात पेन्सिल असायची, बोलता बोलता कागदावर फुलं काढायचीस. ती बंद झाली."

"मग बोलला का नाहीत? दोन वर्षं?"

"तू एवढ्या कष्टानं लपवत होतीस," रेडिओवाले म्हणाले. "म्हटलं, तुझं तू सांगशील. नाही सांगितलंस तर निदान वाजवशील तरी."

बाईंनी पदरानं डोळे पुसले. ड्रायव्हरदादांनी एवढ्यात ड्रम उचलायला सुरुवात केली होती. एकेक ड्रम उचलून ते बाईंच्या उजवीकडून डावीकडे नेऊन ठेवत होते.

"काय करताय?" बाईंनी विचारलं.

"बाई, वीस वर्षं तुमच्या चांगल्या कानाशी बसून बडवतोय मी," ते म्हणाले. "एक शब्द बोलला असतात तर तेव्हाच जागा बदलली असती. डेपोत दिवसभर गाड्याच इकडच्या तिकडे लावतो आम्ही."

डॉक्टर मात्र खाली मान घालून अॅकॉर्डियनचे पट्टे उगाच घट्ट करत होते. शेवटी म्हणाले, "बाई, गेलं वर्षभर तुम्ही अधूनमधून चुकत होता. मी बोललो नाही. बोलायला हवं होतं, माझंच चुकलं."

"हवं होतं," बाई म्हणाल्या. त्यांना हे ऐकून वाईट वाटलं आणि बरंही वाटलं.

रेडिओवाल्यांनी खोक्यांच्या जागा बदलल्या. या वेळी ते बाईंच्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले, दोन्ही हात पुढे करून डावं-उजवं पुटपुटत त्यांनी खात्री केली आणि मगच बाजूला झाले. डॉक्टरांनी मान हलवली.

पहिली ओळ गेली. दुसरी गेली. ड्रम डावीकडे कुठेतरी दूर वाजत होते आणि उजवीकडे गिटार होती, एकेक तार वेगळी, जणू कोणी कानाशी बसून सांगत होतं. तिसऱ्या ओळीला बाईंचं बोट एक घर पुढे पडलं आणि एक कर्कश, ठार बेसूर स्वर खोलीभर पसरला.

"चुकले!" बाई ओरडल्या.

सगळे थांबले. बाई खुर्चीतून उठून उभ्या होत्या, गिटार छातीशी धरलेली, डोळ्यांतून पाणी वाहतंय आणि तोंडभर हसू.

"अहो, मी चुकले! मला ऐकू आलं!"

"आलं की," रेडिओवाले म्हणाले. "फारच बेसूर होतं."

"पुन्हा पहिल्यापासून घ्या," बाई बसत म्हणाल्या.

त्या दुपारी त्या आणखी चार वेळा चुकल्या. चारही वेळा त्यांना सगळ्यांच्या आधी कळलं.