तानबाच्या कानाचा कागद

नाचणगावच्या भजनी मंडळात तानबा तेहतीस वर्षं ढोलकी वाजवत होता, आणि त्याचे कान ठणठणीत आहेत याची साऱ्या गावात फक्त त्यालाच खात्री होती. घरच्या टीव्हीचा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत जायचा. शेतातली मोटर सुरूच राहून पाणी वांग्याच्या वाफ्यांतून थेट रस्त्यावर यायचं, तरी या गृहस्थाला पत्ता नसायचा. कुणी काही विचारलं की तो आधी हसायचा, मग मान डोलवायचा. बहुतेक वेळा तेवढ्यावर भागत असे, कारण माणसं जे बोलतात त्यातलं निम्मं मान डोलवण्यापुरतंच असतं.

भजनात मात्र भागलं नाही. दिवाळीनंतर देवळीला मंडळाचा कार्यक्रम होता. गायला त्याचीच बायको सुमित्राबाई, पेटीवर चंद्रभान. गवळणीच्या मध्यात सुमित्राबाई खोकायला थांबली, पेटी थांबली, टाळ थांबले, आणि तानबा डोळे मिटून एकटाच वाजवत राहिला. लोक हसले. आपल्याला दाद मिळते आहे असं समजून त्यानं हात आणखी मोकळा सोडला.

मंडळाचे प्रमुख अण्णाजी किराणा दुकानवाले. कुणाला दुखवायचं म्हणजे त्यांच्या जिवावर येई. आठ दिवस त्यांनी विषय टाळला, नवव्या दिवशी तानबाला दुकानात बोलावून समोर बसवलं आणि प्रत्येक शब्द तोडून सांगितलं.

"केळझरच्या स्पर्धेले वैभव वाजवन. तुले वाजवाचं असन तं डाक्टरचा कागद आन. कान बरोबर हाय असं लिवलेला."

वैभव म्हणजे चंद्रभानचा पुतण्या. पुलगावला त्याचं मोबाइलचं दुकान आहे आणि हात तयार आहे, हे तानबालाही कबूल होतं. म्हणूनच त्याला जास्त लागलं. वांगी आणि टमाटर तो इमानानं पिकवत होता, पण वांग्याची टोपली घेऊन चाललेल्या माणसाकडे कुणी वळून पाहत नाही. ढोलकी गळ्यात असली की पाहतात. ती गेली तर आपण कोण, असा सरळ प्रश्न त्याला पडला आणि त्याला भीती वाटली.

कागद मिळण्याची सोय लवकरच झाली. पुलगावच्या मंगल कार्यालयात लोककलावंतांसाठी मोफत तपासणी ठेवली होती. साखर, बीपी, डोळे, घसा, कान, सगळं एकाच दिवशी. अण्णाजींनी अख्ख्या मंडळाची नावं देऊन टाकली. सकाळी नऊलाच तिथं ही गर्दी. बँडवाले आले होते, गोंधळी आले होते, आणि दंडारीच्या नाटकात राणीचं काम करणारा एक मिशीवाला बाप्या चपला काढून वजनकाट्यावर श्वास रोखून उभा होता. श्वास रोखल्यानं वजन कमी भरत नाही, हे त्याला कुणी सांगितलं नाही.

कानाची तपासणी आवारात उभ्या असलेल्या गाडीत होती. गाडीत एक काचेची खिडकी असलेला बंद डबा, बाहेर मशीनपाशी सुरभी नावाची मुलगी. तिनं तानबाच्या कानांवर हेडफोन चढवला, हातात बटण दिलं आणि खुणेनं समजावलं की आवाज आला की दाबायचं, कितीही बारीक आला तरी दाबायचं. सकाळपासून तिनं चाळीस माणसं तपासली होती आणि रांगेत तेवढीच उभी होती. तिचा हात आता सवयीनं चालत होता.

पहिले चार-पाच आवाज तानबाला स्वच्छ ऐकू आले. मग ते बारीक झाले, मग आणखी बारीक, आणि मग काय झालं ते त्याचं त्यालाच नीट सांगता आलं नसतं. आवाज गेले, पण ते कुठं येणार हे त्याला ठाऊक होतं. चार मात्रा सोडून एक, चार मात्रा सोडून एक. अंगठा आपोआप पडत गेला. तो काही लबाडी करत नव्हता. ढोलकीवाला सम ऐकून वाजवत नाही, सम येण्याआधीच तो तिथं पोचलेला असतो. तेहतीस वर्षं त्यानं हेच केलं होतं आणि लोकांनी त्याला त्यासाठीच शाल-श्रीफळ दिलं होतं.

सुरभीनं आलेख पाहिला आणि भुवया उंचावल्या. बासष्टाव्या वर्षी कान पंचविशीतले आहेत, असं तिनं हसून सांगितलं. ते त्याला तिच्या ओठांवरून समजलं. श्रवण सामान्य, सही, शिक्का. तानबानं कागदाच्या चार घड्या करून तो सदऱ्याच्या वरच्या खिशात ठेवला. अण्णाजींच्या गल्ल्यावर हा कागद कसा आपटायचा, याची त्यानं गाडीच्या तीन पायऱ्या उतरेपर्यंत तीनदा तालीम केली.

आत हॉलमध्ये सुमित्राबाई घशाच्या टेबलापाशी बसली होती. दोन वर्षांपासून तिचा आवाज बसत चालला होता. आधी वरचा सूर फाटायला लागला, मग गाण्याच्या मध्यात खोकला. गावात म्हणायचे, वय झालं. तानबाही म्हणायचा. तो तिच्या बाजूला तिरकी खुर्ची ओढून बसला. डॉक्टर अनुप कोवळा पोरगा होता. त्यानं बारीक नळीनं तिचा घसा पाहिला आणि पडद्यावर तिला दोन गाठी दाखवल्या, ज्वारीच्या दाण्याएवढ्या. भिण्यासारखं काही नाही, पण आवाजावर सतत जोर पडल्यानं अशा गाठी होतात. दोन महिने गाणं बंद, मोठ्यानं बोलणं बंद. ऐकलं नाही तर गाठी वाढतील, आणि गाता गळा परत मिळेलच असं नाही. एवढं तानबाला डॉक्टरच्या तोंडाकडे टक लावून पाहत राहिल्यानं कळलं.

मग डॉक्टर कागद लिहायला वळला आणि पाठमोराच काहीतरी विचारू लागला. ते तानबाला कळलं नाही. सुमित्राबाईचं तोंड मात्र त्याला दिसत होतं, आणि तिचे ओठ तो जगातल्या कुठल्याही माणसापेक्षा चांगले वाचायचा.

"नाई जी, बाजारात मी नाई बसत," ती म्हणाली. डॉक्टरनं आणखी काही विचारलं. तिनं एकदा तानबाकडे पाहिलं, त्याच्या वरच्या खिशाकडे पाहिलं, आणि म्हणाली, "घरी बी कोणासंग मोठ्यानं बोला लागत नाई. आमी दोघंच हाओत. सारं हळूच चालते."

उत्तरावरून प्रश्न कळायला तानबाला वेळ लागला नाही: रोज कुठं ओरडावं लागतं का? त्याच दिवशी सकाळी ती चहा झाला म्हणून तीनदा ओरडली होती. तिसऱ्यांदा तर अंगणात येऊन, त्याच्या कानापाशी. वावरात या टोकापासून त्या टोकापर्यंत ती ओरडायची, जेवताना ओरडायची, एकच गोष्ट चारदा ओरडायची. दोन वर्षांत तिनं गाण्यात जितका गळा वापरला नसेल तितका त्याच्यावर खर्च केला होता, आणि आता त्याचा कागद खरा ठरावा म्हणून डॉक्टरसमोर धडधडीत खोटं बोलत होती. तानबाला स्वतःची लाज वाटली.

तो उठला, गाडीकडे गेला आणि रांग मोडून थेट वर चढला. बँडवाल्यांनी मागून आरडाओरड केली, पण ती त्याच्यापर्यंत पोचण्याचा प्रश्न नव्हता. त्यानं खिशातला कागद काढून सुरभीसमोर ठेवला.

"पोरी, तू आवाज एका चालीत देऊन राह्यलीस. मले आयकू नाई आले, म्या चाल धरली. आता चाल मोडून दे."

सुरभी त्याच्याकडे पाहतच राहिली. मग आलेखाकडे. मग ती स्वतःच ओशाळली, कारण एवढे सरळ कान कुणाचेच नसतात हे तिला शिकवलेलं होतं. तिनं त्याला पुन्हा डब्यात बसवलं.

या वेळी आवाज कसेही आले. एक आला, मग लगेच दुसरा, मग कितीतरी वेळ काहीच नाही. तानबाचा अंगठा सवयीनं दोनदा रिकाम्या जागी पडला. काचेतून त्याला सुरभीचा हात दिसला, मशीनपासून दूर, मांडीवर. म्हणजे तिनं काही वाजवलंच नव्हतं. त्यानं डोळे मिटले आणि अंगठा बटणावरून उचलून धरला. तेहतीस वर्षांत पहिल्यांदा तो नुसता वाट पाहत बसला. वाट लांबत गेली.

दोन्ही कानांना मशीन लागेल, असं नवा कागद म्हणत होता. सुरभीनं कानांची मापं घेतली. मशीन तीन-चार आठवड्यांनी वर्ध्याला मिळणार होतं, कलावंतांना फुकट. खाली सुमित्राबाई उभीच होती. परत काऊन गेलते, म्हणून ती ओरडून विचारू लागली तसा त्यानं तिच्या तोंडासमोर हात धरला.

"हळू बोल. मी तुह्या तोंडाकडे पाह्यतो."

तिनं नवा कागद वाचला. तिचे डोळे भरून आले. आवाज न काढता तिनं विचारलं, मग केळझरले कोण? तानबानं खांदे उडवले आणि सांगितलं की वैभव आहे की.

केळझरच्या स्पर्धेला ते दोघंही मंडपात मागच्या सतरंजीवर बसले. मंचावर वैभव ढोलकीला, गायला अण्णाजींची सून गुंजन. तानबाच्या कानांत मशीन बसवून चार दिवस झाले होते. चार दिवस त्याला पावलांचे, भांड्यांचे, चपलांचे नको तेवढे आवाज ऐकू येत होते आणि तो वैतागून गेला होता. सुमित्राबाई महिनाभर कुजबुजत होती, बरीचशी खाणाखुणांवरच. सवयीनं ती अजूनही त्याच्या तोंडासमोर तोंड आणूनच बोलायची.

वैभव चांगला वाजवत होता. तानबाला ते आवडलं नाही, पण खोटं कसं म्हणणार? गुंजननं सुमित्राबाईचीच गवळण घेतली. मंडप गच्च भरलेला, पोरं रडत होती, मागं चहावाला कपबशा आदळत होता. तानबा मंचाकडे पाहत बसला होता, मांडीवर बोटं चालवत.

"गाऊ नोको," तो मान न वळवता म्हणाला. "डाक्टरनं दोन मयने सांगतले, एकच झाला."

सुमित्राबाईचं गुणगुणणं जागच्या जागी थांबलं. ते इतकं बारीक होतं की शेजारच्या बाईलाही कळलं नव्हतं. ती त्याच्याकडे वळली आणि बराच वेळ त्याच्या तोंडाकडे पाहत राहिली.