निर्धास्त झोप, पोरी

लेक रेवा दुपारी झोपली की विनता दाराला कडी लावून घ्यायची, स्वयंपाकघरात ओट्याच्या कोपऱ्याशी पाट टाकून बसायची आणि मोबाइलवर लिहायला लागायची.

मूल झाल्यावर तिची शाळेतली नोकरी सुटली होती. आपल्याकडे बहुतेक घरांत असंच होतं. शिकलेली मुलगी आई होते आणि अचानक साबणापासून चपलेपर्यंत प्रत्येक गोष्टीसाठी नवऱ्यापुढे हात पसरू लागते. श्रीकांत वाईट माणूस नव्हता. पण "परवाच तर दिले होते ना?" हे वाक्य चांगल्या माणसाच्या तोंडूनही टोचतं.

म्हणून कॉलेजातल्या एका मैत्रिणीने हे काम सुचवलं तेव्हा विनताला हायसं वाटलं. ऑनलाइन वस्तू घेण्याआधी लोक इतरांचे अभिप्राय वाचतात. ते अभिप्राय लिहून द्यायचे आणि त्याचे पैसे घ्यायचे. वस्तू मात्र घरी येत नसे. तिचा फोटो आणि खोक्यावरचा मजकूर तेवढा येई. त्यावरून विनता कधी इंदूरची नोकरदार बाई होऊन मिक्सरचं कौतुक करी, कधी गुडघेदुखीने बेजार झालेले काका होऊन तेलाचं. तिचं लिखाण पसंत पडायचं, कारण त्यात घर असायचं. उतू गेलेलं दूध असायचं, कुरकुरणारी सासू असायची. वाचणाऱ्याला वाटे, ही बाई आपल्याच गल्लीतली.

यात कोणाचं काय बिघडतं? असं तिला वाटायचं. खरं सांगायचं तर आपल्यापैकी कितीजणांना याहून वेगळं वाटलं असतं?

त्या हिवाळ्यात शेकगादीचं काम आलं. आपल्या घरांत बाळ न्हालं की त्याला शेगडीचा शेक देतात, ओव्याची धुरी देतात. एका कंपनीने त्याऐवजी विजेवर तापणारी छोटी गादी काढली होती आणि तिला मराठी अभिप्राय हवे होते. विनताला आपलं बाळंतपण आठवलं. तिची आई अमरावतीहून आली होती. शेगडीवर आधी स्वतःचा हात धरायची, मग तो हात रेवाच्या पाठीला लावायची. तोंडाने "मी जुन्या वळणाची बाई", "निर्धास्त झोप, पोरी" असं चालू असायचं, हाताने शेकणं. ते सगळे शब्द विनताने जसेच्या तसे उचलले आणि खाली नाव दिलं, सत्यभामा आजी, जबलपूर.

"मी जुन्या वळणाची बाई. कोळशाशिवाय शेक नाही म्हणणारी. पण भाड्याच्या घरात कोळसा कुठे पेटवणार? सुनेने ही गादी आणली. आधी माझ्या हाताला लावून पाहिली, मग नातवाच्या पाठीला. गोड ऊब आहे. वेळ झाली की आपोआप बंद होते, मी स्वतः पाहिलं."

आपोआप बंद होते, हे खोक्यावर छापलेलं होतं. मी स्वतः पाहिलं, एवढं मात्र विनताचं.

काही दिवसांनी त्या अभिप्रायाखाली कोणीतरी प्रश्न विचारला. विचारणारीचं नाव नव्हतं. 'नवी आई' एवढंच लिहिलेलं होतं. "आजी, मला आई नाही. शेक देता देता मलाच झोप लागते. ही नक्की बंद होते ना?"

प्रश्नाला उत्तर देणं हाही कामाचाच भाग होता. रेवा उठून रडत होती. विनताने तिला कडेवर घेतलं आणि मोकळ्या हाताने लिहून टाकलं, "निर्धास्त झोप, पोरी. मी आहे ना."

आणि ती विसरून गेली.

विनता राहायची त्या जबलपूरमधल्या महाराजपूरच्या कॉलनीत मराठी घरं मोजकीच. गल्लीच्या टोकाला वरच्या मजल्यावर पुंडलिक आणि कुंदा भाड्याने राहायचे. कुंदा गोंदियाकडची. पहिलंच बाळ, माहेरी आई नाही, म्हणून बाळंतपण इथंच झालं होतं. तिचं बाळ भाजलं, ही बातमी दूधवाल्याने सांगितली. बाळ दवाखान्यातून घरी आल्यावर विनता मऊ खिचडीचा डबा घेऊन भेटायला गेली.

कुंदाची सासू बेबीताई बाळाला मांडीवर पालथं घेऊन बसली होती. पाठीपासून एका मांडीपर्यंत पट्टी. बाळ रडत नव्हतं, नुसतं कण्हत होतं. तान्ह्या बाळाचं कण्हणं विनताने त्याआधी कधी ऐकलं नव्हतं.

"या, पाहा. पाहण्यासारखंच करून ठेवलं आहे सूनबाईनं," बेबीताई म्हणाली. "मी पोरीच्या बाळंतपणाला बालाघाटला काय गेली, इथं यांनी पोराला भाजून काढलं. गादी चालू करून स्वतः झोपली. अब बताओ, आई अशी झोपते?"

"थकलेली असते हो बाळंतीण."

"आम्ही नाही थकलो का? सव्वा महिन्यात गहू कापायला उभी होती मी. यांना एक बटन सांभाळता नाही आलं. उद्या मी पोराला गावी, बरगीच्या घरी घेऊन चालली. हिला पाठवून देते हिच्या बापाकडे. डॉक्टर म्हणते, पाय पुरा सरळ होईल का नाही, सांगता येत नाही. अशा बाईजवळ पोर ठेवायचं?"

कुंदा स्वयंपाकघराच्या चौकटीत उभी होती. तिने मान वर केली नाही. "ताई, चहा ठेवते," म्हणून ती आत वळली. विनता तिच्या मागे गेली.

"ताई," कुंदा हळूच म्हणाली, "तुम्ही इथल्या मराठी मंडळात सगळ्यांना ओळखता ना? सत्यभामा आजी कोणत्या?"

विनताला आधी ते नाव लक्षातच आलं नाही.

"काहून, कशासाठी?"

"मी शेकाचं विचारायला तुमच्याकडेच आली होती. दोनदा आली. दुपारी तुमचं दार बंद राहते. म्हटलं, बाळ झोपलं असेल, काहून त्रास द्यायचा. मग फोनवर या आजी भेटल्या. आपल्या जबलपूरच्याच आहेत." तिने मोबाइल पुढे केला. "हे पाहा. मला म्हणाल्या, मी आहे ना. आई गेल्यापासून मला कोणी पोरी म्हटलं नव्हतं, ताई. मी रोज वाचायची ते, झोपायच्या आधी."

विनताने पाहिलं. तिचेच शब्द. तिच्या आईचे शब्द!

"गादी बंद झालीच नाही. पण आजी खोटं काहून बोलतील? त्यांना काय मिळणार? माझ्याच हातून चुकलं असेल काही. त्यांना एकदा भेटून विचारायचं आहे, काय चुकलं. सगळे म्हणतात ते खरंच असेल ना? मी तर आता बाळाला हातच नाही लावत. माझा मलाच भरवसा नाही राहिला."

चहाचं पाणी आटत चाललं होतं. विनताने गॅस बंद केला. "विचारून पाहते," ती म्हणाली, आणि आपण पुन्हा खोटं बोललो, हे जिना उतरताना तिच्या लक्षात आलं.

संध्याकाळी तिने श्रीकांतला सगळं सांगितलं. सासरे, विष्णुपंत, तिथेच मटार सोलत बसले होते.

"अरे यार," श्रीकांत म्हणाला, "सगळेच लिहितात. तू नसतं लिहिलं तर कोई और लिखता. लोक कुठे सीरियसली घेतात? आणि आता तू स्वतःहून सांगणार, मीच ती म्हणून? उद्या पोलीस दाराशी आले तर? रेवाचा विचार कर."

"कोणी मानतच नाही," विष्णुपंत मटार सोलता सोलता म्हणाले, "तर कंपनी पैसे काहून देऊन राहिली?"

श्रीकांतने मटारची एक शेंग उचलली.

विष्णुपंत मिलिटरीचं सामान बनवणाऱ्या फॅक्टरीत तपासणीच्या खात्यात होते. घरात ते कमी बोलत. त्या संध्याकाळी बोलले.

"बेटा, आमच्यातल्या प्रत्येकाला आपापला शिक्का असायचा. गाडीचा सुटा पुर्जा हातात घ्यायचा, मापावर चढवायचा, आणि मग शिक्का. गाडीत बसणारा जवान मला ओळखत नव्हता. मी त्याला जन्मात दिसणार नव्हतो. तो काही पुर्जा खोलून पाहत नसे. कोणीतरी हात लावून पाहिलेलं आहे, एवढ्यावर तो पहाडात गाडी घालायचा. तुझं ते लिहिणं म्हणजे शिक्काच झाला ना? तू पुर्जा न पाहता मारला."

"बाबा, असं काही होईल असं मला वाटलंच नव्हतं."

"शिक्का मारणाऱ्याला वाटतच नाही. पुर्जा तुटतो दूर कुठेतरी. तुझा गल्लीतच तुटला, म्हणून तुला दिसला. बाकी कुठे कुठे गादी गेली असेल, ते तुला दिसणार नाही." त्यांनी कानातल्या यंत्राला बोट लावलं. ते यंत्र विनतानेच आणून दिलं होतं. "हे पण त्याच कमाईतलं?"

तिने होकाराची मान हलवली.

"अच्छा. मग तर मलाही बोल ऐकावेच लागतील." ते कडवट हसले. "तुला मी एकटीला नाही बोलून राहिलो. या घरात पैसा कुठून येतो, हे मीही विचारलं नाही. श्रीकांतनंही नाही. सुनेला चार पैसे स्वतःचे मिळू दे, असं कोणी आधी म्हटलं असतं तर ती कडी लावून बसली नसती."

"सांगितलं तर कुंदा जन्मात माझं तोंड पाहणार नाही, बाबा."

"नको पाहू दे. आता ती आपल्या पोराचं तोंड पाहून नाही राहिली. ते आधी."

सकाळी विनता गेली तेव्हा बरगीला जायची पिशवी दाराशी भरून ठेवलेली होती. पुंडलिक ऑटो आणायला गेला होता. बेबीताईने बाळाला दुपट्यात गुंडाळलं होतं. कुंदा भिंतीला टेकून बसली होती, हात मांडीत, रिकामे.

"बेबीताई, थांबा," विनता दारातूनच म्हणाली. "सत्यभामा आजी म्हणजे मीच आहे."

दोघींनाही कळेना. मग तिने सगळं सांगितलं. फोटो दाखवला, खोक्यावरचा मजकूर दाखवला, स्वतःचं उत्तर दाखवलं.

"गादी मी डोळ्यांनीसुद्धा पाहिलेली नाही. ती बंद होते का नाही, मला माहीत नव्हतं. मी पैशासाठी लिहिलं."

बेबीताईने बाळाला छातीशी घेतलं. "तुझी पोरगी ठेवली असती का त्या गादीवर?"

"नाही."

बेबीताईने दुपट्याचं टोक सोडून पुन्हा खोचलं.

"आणि बेबीताई, हिनं आधीच विचारलं होतं. आपल्याला झोप लागते, हे हिला माहीत होतं, म्हणूनच विचारलं. बेफिकीर बाई विचारत बसत नाही. बेफिकीर मी होते. हिची चूक एवढीच, की हिनं माझ्यावर भरवसा ठेवला."

कुंदाने तेव्हा पहिल्यांदा वर पाहिलं. "म्हणजे त्या आजी?"

"नाहीत."

"कोणाच्या तरी असतील ना? तुमच्या घरात कोणी..."

"कोणीच नाही, कुंदा. मी बनवलं ते नाव."

ज्या आजीला भेटायचं म्हणून कुंदा एवढे दिवस तग धरून होती, ती आजी तिच्या डोळ्यांदेखत नाहीशी झाली. आई तिची एकदा गेली होती. आता ती दुसऱ्यांदा पोरकी झाली.

मग ती उठली. बेबीताईसमोर जाऊन तिने दोन्ही हात पुढे केले. बेबीताई थोडी घुटमळली. कुंदाचे हात मागे झाले नाहीत. शेवटी सासूने पट्टी सांभाळत बाळाला तिच्या हातांत दिलं आणि पिशवीतली झबली एकेक करून बाहेर काढायला लागली. खाली ऑटोचा हॉर्न वाजत होता.

"तुम्ही आता जा, ताई," कुंदा म्हणाली. बाळावरून तिची नजर हलली नाही.

विनताने ते काम त्याच दिवशी सोडलं. खोटा अभिप्राय काढून टाकून तिने स्वतःच्या नावाने खरी हकीकत लिहिली. ती साइटवाल्यांनी काढून टाकली. नियमांत बसत नाही, म्हणाले. शेकगादी अजून विकली जाते. खाली तिच्यासारख्याच कोणाकोणाची स्तुती आहे. सिविल लाइन्समधल्या वकिलामार्फत पुंडलिकने कंपनीविरुद्ध तक्रार गुदरली, तेव्हा साक्षीदार म्हणून विनताने सही केली. श्रीकांत बरोबर गेला होता. त्या तक्रारीचं अजून काही झालेलं नाही. बाळाचा पाय पूर्ण पसरत नाही. बारसं उशिरा झालं, विनताला बोलावणं नव्हतं.

वाचकहो, आपला शब्द ही हलकी वस्तू नाही. ज्या वस्तूला आपला हात लागला नाही, तिच्यावर आपला भरवसा चिकटवून देऊ नये, मग तिथे आपलं खरं नाव असो वा नसो. आपण समजतो, न दिसणाऱ्या गर्दीसाठी लिहितो आहोत. गर्दी नसते. पलीकडे एकटी बसलेली कोणीतरी असते, जिला विचारायला दुसरं माणूस उरलेलं नसतं.

आणि एखाद्या घरात सून दार लावून काय करते, हे विचारायला काही बिघडल्यावर जाऊ नका. त्याआधी जा.

विनता आता सकाळी गल्लीतल्या मुलांच्या शिकवण्या घेते. दुपारी रेवा झोपली की दार उघडं ठेवते. कुंदा बाळाला घेऊन समोरून जाते, कधी दवाखान्यात, कधी उन्हात शेकायला. तिचा हात बाळाच्या पाठीवरून निघत नाही. उघड्या दाराकडे ती अजून पाहत नाही.