उलट्या फेऱ्या

रबर जळल्याचा वास आला तेव्हा राघोत्तम राव वरच्या खोलीत दाबयंत्राचा बोल्ट आवळत होता. त्यानं पाना तसाच टाकला आणि जिन्याकडे धावला. त्या कारखान्यात रबर जळावं अशी जागा एकच होती, आणि तिथं काय बिघडलं असेल हे त्याच्याइतकं दुसऱ्या कुणाला ठाऊक नव्हतं.

१९६३ सालचा मे महिना होता. मद्रासच्या उत्तरेला, तिरुवोत्रियूरच्या वाटेवर श्रीवल्ली पॉटरीज नावाचा कारखाना होता. विजेच्या खांबांवर बसतात ते चिनी मातीचे इन्सुलेटर तिथं बनत. दळलेली माती पाण्यात कालवायची, तो घोळ जमिनीखालच्या टाकीत साठवायचा आणि तिथून पंपानं दाबयंत्राकडे चढवायचा. घोळ श्रीखंडासारखा दाट, वर त्यात गारेची कच. साधा पंप महिन्याभरात झिजून जाई. म्हणून मालकांनी विलायतेहून स्क्रूचा पंप आणवला होता. जाड रबराची एक बाही आणि तिच्यात फिरणारा मळसूत्री पोलादी दांडा, एवढीच त्याची करामत. दांडा फिरला की बाहीतली पोकळी पुढं सरकायची आणि तिच्याबरोबर घोळही, न उसळता, न अडखळता. एका फेरीला एक शेर. कमी नाही, जास्त नाही. त्याला सोसत नसे ते फक्त कोरडं फिरणं. पाच मिनिटांत बाही भाजून निघे.

टाकीच्या तळाशी नळाच्या तोंडाला जाळी असायची. ती दर तासाला तुंबायची आणि काम थांबायचं. आठ दिवसांपूर्वी टाकीतला घोळ तळाला गेला होता, तेव्हा राघोत्तमनं ती जाळी सोडवून बाकाखाली ठेवून दिली. वरून मालासाठी ओरड चालू होती. रविवारी परत बसवू, असं त्यानं मनाशी ठरवलं, आणि रविवार निघून गेला. त्यानं कुणाला सांगितलं नाही. सांगायचं तर फोरमनला सांगायला हवं होतं, आणि फोरमन प्रतापसिंहाशी तो चार महिने तोंडदेखलंही बोलत नव्हता.

दोघे तंजावरचे. एका शाळेत, एका बाकावर बसलेले. राघोत्तम वीस वर्षं फिटर होता. जानेवारीत फोरमनची जागा रिकामी झाली आणि ती प्रतापसिंहाला मिळाली. तो मालकांच्या घरी जाऊन पाया पडून आला, असं कुणीतरी राघोत्तमच्या कानात घातलं. खरं की खोटं, ते त्यानं विचारलं नाही. त्या दिवसापासून जन्माचा ‘तू’ सुटून ‘तुम्ही’ झालं होतं.

टाकीच्या काठावर वेंकटरमण उभा होता. चक्कीवर काम करणारा हा दांडगा माणूस, पण त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. “फोरमन आत आहेत,” तो तमिळमध्ये म्हणाला.

गोणपाटाचं एक धडपं नळाच्या तोंडात अडकलं होतं. पंप कोरडा फिरू लागला तसा प्रतापसिंहानं तो बंद केला, आणि मजुराला उतरवण्याऐवजी शिडी लावून स्वतः उतरला. धडपं त्यानं ओढून काढलंही. पण माती खाली बसू न देणारी ढवळणी तीन आठवडे दुरुस्तीला गेलेली, त्यामुळं टाकीच्या भिंतींना मातीचे पुरुषभर थर धरले होते. त्यातला एक थर त्याच्यावर कोसळला.

राघोत्तमनं खाली वाकून पाहिलं. दहा फूट खोल टाकी, सहा बाय सहाची. मधोमध प्रतापसिंह उभ्यानं गाडला गेला होता. छातीपर्यंत घट्ट माती, आणि तिच्यावर आलेला घोळ खांद्यांना टेकलेला. समोरच्या भिंतीवर दुसरा थर अजून लटकत होता, पोट सुटल्यासारखा.

“प्रताप.”

प्रतापसिंहानं वर पाहिलं. “श्वास पुरत नाही,” तो म्हणाला. एवढं बोलायलाही त्याला दोनदा थांबावं लागलं.

तेवढ्यात रत्नाकर आला. हा पुण्याहून आलेला इंजिनियर, वय सव्वीस, मद्रासला येऊन वर्षही झालं नव्हतं. यांची तंजावरी मराठी त्याला एखाद्या जुन्या पोथीसारखी वाटे. पण माणूस मनानं स्वच्छ होता. त्यानं पटापट हुकूम सोडले. दोरखंड आला, चेन-पुली आली. दोराचा फास त्यानं स्वतः शिडीवरून उतरून प्रतापसिंहाच्या काखांखालून घातला.

“ओढा, सावकाश.”

साखळी कटकटत ताठ झाली. प्रतापसिंहाचे खांदे तसूभर वर आले आणि त्याच्या तोंडून असा आवाज निघाला की वेंकटरमणनं साखळीवरचे हात काढून घेतले.

“कंबर,” प्रतापसिंह म्हणाला. “कंबर तुटते.”

“आणखी थोडं,” रत्नाकर म्हणाला. “थोडं सहन करा.”

राघोत्तमनं साखळी धरली. “नको, सार. माती सोडणार नाही. माणूस मधेच तुटेल.”

“मग घोळ उपसू. पंप चालत नसेल तर बादल्यांनी उपसू.”

“तो घोळच समोरच्या थराला टेकू देऊन उभा आहे. खालचा टेकू काढला की तोही ह्याच्या डोक्यावर येईल.”

रत्नाकरनं समोरच्या भिंतीकडे पाहिलं. त्याला ते पटलं. “मग करायचं काय? त्यांचा तासभरही निभाव लागणार नाही.”

राघोत्तमला तंजावरकडची शेतं आठवली, कालव्याच्या कडेचा चिखल आठवला. तिकडं चिखलात म्हैस रुतली तर कुणी तिला नुसतं ओढत नाही. पायाशी बांबू खुपसून पाणी सोडतात. पाणी खाली शिरलं की चिखल आपली पकड सोडतो.

“नळाचं तोंड कोठें आहे?” त्यानं खाली ओरडून विचारलं. “तुझ्या पायांपासून किती लांब?”

“डाव्या गुडघ्याशी,” प्रतापसिंह म्हणाला. “टेकलंय.”

राघोत्तम रत्नाकरकडे वळला. “पंप उलटा फिरवतों, सार. वरच्या नळातून पाणी घालायचं, ते ह्याच नळानं खाली जाईल. पायाशीच निघेल.”

“मोटरच्या तारा उलट्या जोडून?”

“मोटर मिनिटाला तीनशे फेऱ्या मारते. तीनशे शेर पाणी. दोन मिनिटांत घोळ ह्याच्या नाकात जाईल. हातानं फिरवायचा. मोजून.”

त्यानं खडू घेऊन भिंतीवर हिशेब मांडला. शंभर फेऱ्या म्हणजे शंभर शेर पाणी. एवढ्या टाकीत तेवढ्यानं पातळी इंचभर चढणार. खांद्यापासून हनुवटीपर्यंत जेमतेम चार इंच होते. म्हणजे फेऱ्या चारशे. त्यात माती सुटली तर सुटली.

“आणि नाही सुटली तर?” रत्नाकरनं विचारलं.

राघोत्तमनं खडू खाली ठेवला. रत्नाकर पुन्हा शिडी उतरू लागला. “मी त्यांचं डोकं धरतो. पातळी मी सांगेन.”

राघोत्तमनं पट्टा उतरवला, वरचा नळ सोडवला. पुलीच्या आऱ्यांत पहार घालून त्यानं आणि वेंकटरमणनं जोर लावला, पण पुली हलली नाही. भाजलेलं रबर दांड्याला चिकटलं होतं. कुणीतरी तेलाची बुधली पुढं केली.

“तेल नको. तेलानं रबर फुगतं. साबणाचं पाणी आणा.”

साबणाचं पाणी नळात ओतलं. थांबले. पुन्हा जोर लावला. राघोत्तमच्या मनात आलं, बाही फाटली असली तर पाणी आतल्या आत फिरत राहील आणि मी मात्र फेऱ्या मोजत बसेन. तिसऱ्या खेपेला काहीतरी फाटल्यासारखा आवाज झाला आणि पुली पाव फेरी फिरली. फाटलं ते रबर की नुसता चिकटा, हे कळायला मार्ग नव्हता.

“एक,” राघोत्तम म्हणाला.

दोन मजूर बादल्यांनी नळात पाणी ओतत राहिले. वीस झाल्या, चाळीस झाल्या. पत्र्याखाली भट्टीसारखं तापलं होतं. घाम डोळ्यांत उतरे तो पुसायला हात मोकळा नव्हता. नव्वद. शंभर.

“काही जाणवतंय?” रत्नाकरचा आवाज खालून आला, आणि मग त्याचाच, उतरलेला, “नाही म्हणतात. पातळी इंचभर वर आली.”

म्हणजे पाणी टाकीत जात होतं. बाही शाबूत होती. पण ते मातीखाली न शिरता कडेनं वाट काढून वर येत असेल, तर ही सगळी मेहनत प्रतापसिंहाला बुडवायचीच होती. राघोत्तमनं हे कुणाला बोलून दाखवलं नाही. तो मोजत राहिला.

एकशेऐंशीला पुली जड झाली. एकशेनव्वदला पहार वाकते की काय असं वाटू लागलं. वेंकटरमण थांबला.

“थांबू नको,” राघोत्तम म्हणाला. “आता पाणी मातीला भिडलंय.”

नळाच्या सांध्यातून पाण्याची बारीक पिचकारी उडाली. एका मजुरानं अंगातला सदरा काढून सांध्यावर दाबून धरला. दोनशे दहाव्या फेरीला पुली एकदम हलकी झाली. दोघेही पुढं झोकांडले. खाली टाकीत पोटात गुरगुरावं तसा आवाज झाला.

“बुडबुडे,” रत्नाकर म्हणाला. “ह्यांच्या डाव्या अंगाला बुडबुडे येताहेत.”

“पाय हलव, प्रताप. जोर नको लावूस. नुसता हलव.”

बराच वेळ काहीच ऐकू आलं नाही. मग प्रतापसिंहाचा आवाज आला. “डावा हलला.”

दोनशे साठ. तीनशे. डावा पाय मांडीपर्यंत सुटला, पण उजवा तसाच राहिला. तो नळापासून लांब होता. तीनशे पन्नासला रत्नाकर म्हणाला, “घोळ हनुवटीला लागला.” चारशेचा हिशेब चुकला होता. राघोत्तमनं पुली थांबवली. आता पुढं फिरवलं तर माणूस बुडेल, आणि सोडून दिलं तर माती पुन्हा आवळेल. एवढा निर्णय त्याला एकट्यानं घेववेना. तो काठाशी येऊन पालथा पडला.

“प्रताप, आता तूच सांग.”

प्रतापसिंहाचं डोकं रत्नाकरच्या तळहातावर मागं टेकलेलं होतं. तोंड तेवढं वर. कानांत घोळ गेला होता, म्हणून राघोत्तमला दोनदा ओरडावं लागलं.

“फिरव,” प्रतापसिंह म्हणाला.

राघोत्तम परत गेला. पुढच्या फेऱ्या त्यानं अगदी सावकाश, प्रत्येक शेर हातानं ओतल्यासारख्या फिरवल्या. तीनशे साठ. सत्तर. रत्नाकर आता पातळी सांगेनासा झाला. त्याचा फक्त श्वास ऐकू येत होता. तीनशे ब्याऐंशीला तो ओरडला, “सुटला. उजवा सुटला, ओढा.”

“साखळी नको, दोर हातानं,” राघोत्तम म्हणाला, आणि सहा माणसांनी दोर धरला. प्रतापसिंह वर आला तो चिखलातून कमळाचा कंद यावा तसा, हळूहळू, पायातले जोडे मागं सोडून. रत्नाकर शिडीवरून वर पोहोचला न पोहोचला तोच खाली समोरचा थर सुटला आणि टाकीत धप्पकन बसला. घोळाचे शिंतोडे सगळ्यांच्या अंगावर आले. प्रतापसिंह सिमेंटच्या जमिनीवर उताणा पडून हवा गिळत होता, आणि राघोत्तम त्याच्या डोळ्यांवरची माती अंगठ्यानं पुसत होता.

चौथ्या दिवशी राघोत्तम इस्पितळात गेला. प्रतापसिंहाच्या उजव्या खुब्याचं हाड तडकलं होतं, पाय वजनाला बांधून टांगला होता. त्याची बायको जयवंती उशाशी बसली होती. राघोत्तम आला तशी ती फिरकीच्या झाकणाच्या भांड्यातली कॉफी त्याच्या हाती देऊन बाहेर गेली.

“जाळी मी काढली होती,” राघोत्तम म्हणाला. “तू उतरलास त्याच्या आठ दिवस आधी. तुज सांगितलं नाही.”

“ठाऊक होतं मज.”

राघोत्तमनं कॉफीचा पेला खाली ठेवला.

“बाकाखाली पडलेली पाहिली मंगळवारी,” प्रतापसिंह म्हणाला. “तुज विचारायचं म्हणजे बोलायला हवं होतं. म्हटलं, अडकलं काही तर उतरून काढीन. तुझ्याशी बोलण्यापेक्षा टाकीत उतरणं सोपं वाटलं, राघू.” त्यानं मान राघोत्तमकडे वळवली. “मालकांच्या घरी मी गेलों नव्हतों. तू कधी विचारशील म्हणून वाट पाहत होतों.”

राघोत्तम तिथं तासभर बसला. उठताना त्यानं प्रतापसिंहाच्या अंगावरची चादर सारखी केली आणि थेट कारखाना गाठला.

रत्नाकर चौकशीचा कागद लिहायला बसलाच होता. राघोत्तमनं जाळीची हकीकत त्याला सांगितली. रत्नाकरनं लेखणी थांबवली आणि तो म्हणाला, “राघोत्तमराव, ‘जाळी जागेवर आढळली नाही’ एवढंच लिहितो. ते खोटं नाही. तुमच्यामुळं माणूस वाचलाय.”

“माझ्यामुळंच तो टाकीत उतरला, सार. ‘राघोत्तम राव, फिटर, यानं काढली आणि फोरमनला कळवलं नाही’, असं लिहा. फोरमनला ठाऊक होतं की नव्हतं, ते त्याचं तो सांगेल.”

“नोकरीवर येऊ शकतं.”

“येऊ दे.”

रत्नाकरनं तसं लिहिलं. राघोत्तमनं खाली मोडीत सही केली.

त्याला महिनाभर बिनपगारी घरी बसवलं, आणि फोरमनकीचा विषय त्याच्यापुरता कायमचा संपला. प्रतापसिंह सप्टेंबरात काठी टेकत परत आला. पाय आखूड झाला होता, म्हणून त्याला सामानाच्या कोठीवर बसवलं. राघोत्तमला पाना हवा, वायसर हवा, काही हवं असलं की कोठीच्या खिडकीशी जावं लागे. एका खेपेत होणाऱ्या कामाला तो तीन-तीन खेपा घालतो, अशी वेंकटरमणची तक्रार होती.