देवघरातला फोन

मधुकरराव आंघोळीला जाताना फोन सोबत नेत. टॉवेल, साबण आणि फोन. फोन झिपच्या प्लास्टिक पिशवीत आणि पिशवी न्हाणीतल्या खिळ्याला. झिप दोनदा दाबून पाहिल्याशिवाय ते अंगावर पाण्याचा तांब्या घेत नसत. कन्हानच्या त्या गल्लीत याची पुष्कळ थट्टा झाली होती. "काकाजीले मैत्रिणीचा फोन येते," असंही कोणी म्हणून घेतलं. मधुकररावांनी मनावर घेतलं नाही. सिंचन खात्यात चौतीस वर्षं कारकुनी केलेल्या माणसाची कातडी तशी जाडच असते.

फोनची गोष्ट मात्र थट्टेची नव्हती. त्यांच्या मुलाच्या, केशवच्या, दोन्ही किडन्या निकामी झाल्या होत्या. आठवड्यातून दोनदा नागपूरला डायलिसिस, आणि तीन वर्षांपासून त्याचं नाव किडनीच्या प्रतीक्षा यादीत. पाळी आली की दवाखान्यातून मुग्धा मॅडमचा फोन येणार होता. दवाखान्यातलं या यादीचं सगळं काम त्याच पाहत. त्यांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "काका, वेळ कुठलीही असेल. फोन लागला नाही तर आम्हाला थांबता येत नाही. पुढच्या पेशंटला लावावा लागतो." अर्जावर नंबर लिहिला मधुकररावांचा, कारण घरात एकवीस वर्षं न बदललेला नंबर तेवढा एकच होता. केशव नोकऱ्यांसोबत सिम बदलत आलेला. त्या दिवसापासून मधुकररावांनी ही राखण पत्करली, आणि खरं सांगायचं तर निवृत्तीनंतर पहिल्यांदा त्यांना आपण कोणाच्या तरी कामाचे आहोत असं वाटलं.

गेल्या वर्षी मुग्धा मॅडमनी नुसतं तपासायला म्हणून फोन लावला, तेव्हा ते नेमके न्हाणीत होते. बारा मिनिटांनी त्यांनी उलट फोन केला. "काही नाही काका, चाचणी होती," मॅडम म्हणाल्या. मधुकररावांनी ही गोष्ट घरात कोणालाच सांगितली नाही. प्लास्टिकची पिशवी तेवढी त्या संध्याकाळी घरात आली.

आता तो फोनच जायला टेकला होता. बॅटरी फुगली होती, मागचं झाकण बसत नव्हतं म्हणून त्याला रबर बांधलेलं. चाळीस टक्के दाखवता दाखवता तो गपकन बंद पडे, आणि मधुकरराव चार्जर शोधत धावत.

त्यांची सून चारुशीला सीताबर्डीच्या एका साडीच्या दुकानात काउंटरवर होती. समोरच एका स्वस्तातल्या मोबाईल कंपनीनं दुकान थाटलं होतं. ग्राहकांकडून परत घेतलेले फोन दुरुस्त करून, चकाचक करून विकत. रिफर्बिश्ड म्हणत त्यांना. किंमत नव्याच्या पाव, अट एकच: आपला नंबर त्या कंपनीकडे वळवायचा, म्हणजे नंबर तोच पण सिम त्यांचं. चारुशीलानं विषय काढला तेव्हा मधुकररावांनी हात झटकले.

"पितृपक्ष चालू आहे वं. नवी वस्तू घेत नाही कोणी."

"नवी कुठची बाबा? कोणी तरी दोन वर्षं वापरलेला आहे तो. जुनाच फोन."

हा मुद्दा त्यांच्यातल्या कारकुनाला पटला. जुनी वस्तू घ्यायला पितरांची हरकत असल्याचं त्यांच्या वाचनात नव्हतं. दोघं बर्डीवर गेले. काउंटरवर नंदिनी नावाची चटपटीत मुलगी होती. मधुकररावांनी खात्री करून घ्यायची म्हणून विचारलं, "पोरी, फोन जुना आहे ना पण? पक्का जुना?"

नंदिनीला तो अपमानच वाटला. "काकाजी, जुना काहून म्हणून राहिले? बॅटरी नवी आहे. काच नवी आहे. मागचं कव्हर नवं आहे. सहा महिन्यांची वॉरंटी. हातात घेऊन पाहा, नवाच वाटते."

चारुशीला मागून डोळ्यांनी खुणा करत होती, पण नंदिनीची गाडी सुटलेली.

"मंग जुनं काय राहिलं त्याच्यात?" मधुकररावांनी विचारलं.

"आतला बोर्ड."

तीन नव्यांना एक जुनं. निकाल लागला होता.

कोणी म्हणेल, काय हा हट्टी म्हातारा. पण या हट्टाच्या मागे एक फ्रिज होता. पाच वर्षांपूर्वी पितृपक्षातच, गिऱ्हाईक नाही म्हणून दुकानदारानं मोठी सूट दिली, आणि मधुकररावांनी फ्रिज घरी आणला. त्यांची बायको गोपिका नको नको म्हणत होती. "दसऱ्याले घेऊ ना." त्यावर हे हसले होते, "फ्रिजले तिथी समजते काय?" आठव्या दिवशी केशवचे पाय सुजले. महिनाभरात किडन्यांचं निदान झालं. गोपिका त्यानंतर दोन वर्षं जगली, पण फ्रिजचं नाव एकदाही काढलं नाही तिनं. काढलं असतं तर बरं झालं असतं. भांडून मोकळे झाले असते. तो न निघालेला शब्द मधुकररावांच्या छातीत तसाच राहिला.

शेवटी तोड त्यांनीच काढली. सूट संपत होती म्हणून फोन आज घ्यायचा, पण डबा घटस्थापनेच्या दिवशी उघडायचा. चारच दिवसांचा प्रश्न. चारुशीला "बरं" म्हणाली. कोथिंबिरीच्या जुडीवरून भाजीवाल्याला घाम फोडणारी चारुशीला एका शब्दात "बरं" म्हणाली, याचं मधुकररावांना जरा नवल वाटलं. पण आपला मुद्दाच बिनतोड होता, अशी त्यांनी समजूत करून घेतली.

नंबर वळवायचे सोपस्कार झाले. नवं सिम नंदिनीनं पाकिटात घालून डब्यावर चिकटवलं. "मेसेज येईल. त्यात वेळ राहते. तेव्हा जुनं सिम बंद पडते, मग हे टाकायचं. तीन-चार दिवस लागतात." मधुकररावांनी त्यातले चार तेवढे ऐकले. डबा देवघरात बाळकृष्णाशेजारी बसला.

सर्वपित्रीच्या दिवशी चारुशीला पहाटे उठली. खीर, कढी, उडदाचे वडे, कोहळ्याची भाजी करून ती सहाला केशवला घेऊन नेहमीच्या ऑटोनं दवाखान्यात गेली. डायलिसिसला अमावस्या नसते. नऊच्या सुमारास मधुकररावांनी पान वाढलं, गच्चीवर नेऊन ठेवलं, गोपिकेचं नाव घेतलं आणि कावळ्याची वाट पाहत उभे राहिले. कावळा येईना. समोरच्या तारेवर दोन बसले होते, पण ते आपसांत काहीतरी बोलत होते. वेळ जावा म्हणून त्यांनी खिशातून फोन काढला.

रेंज नव्हती. एकही दांडी नाही.

कन्हानला हे नवीन नव्हतं. ते गच्चीच्या या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात गेले, हात वर केला, टाकीच्या चौथऱ्यावर चढले. फोन बंद करून चालू केला, तेवढ्यात तो चालू होतो की नाही याचीच धास्ती. चालू झाला. दांड्या नाहीत. खाली शेजारच्या लतिकाबाई धुणं वाळत घालत होत्या. मधुकररावांनी वरूनच विचारलं, "लतिकाबाई, तुमच्या फोनले रेंज आहे काय?"

"फुल्ल आहे की काकाजी!"

"माया नंबर लावून पाहा बरं."

लतिकाबाईंनी लावला, ऐकला आणि मान हलवली. "लागून नाही राहिला. बाई सांगून राहिली, सेवेत नाही म्हणून."

मधुकररावांना नंदिनीचे शब्द आठवले. त्यांनी मेसेज उघडले. कर्जाच्या आणि रमीच्या जाहिरातींच्या गर्दीत नंबर वळवण्याचा परवाचा एक इंग्रजी मेसेज न वाचलेला पडला होता. तारीख आजची, वेळ पहाटे तीनची. म्हणजे तीन वाजल्यापासून हा नंबर मेलेला होता, आणि ते मात्र तो उशाशी घेऊन झोपले होते. सहा तास. या सहा तासांत मुग्धा मॅडमनी फोन लावला असेल तर? एकदा लावला, दुसऱ्यांदा लावला, आणि मग यादीतल्या पुढच्या माणसाला लावला असेल तर? तो माणूस आत्ता गाडीत बसला असेल. त्याच्या घरचे देवापुढे साखर ठेवत असतील.

जिना उतरून ते शेजारी गेले. दवाखान्यात बसलेल्या केशव-चारुशीलाला हे सांगायची त्यांची छाती झाली नाही. लतिकाबाईंच्या फोनवरून त्यांनी मॅडमचा नंबर लावला. तो त्यांना तोंडपाठ होता. घंटी वाजत राहिली, कोणी उचलला नाही. अनोळखी नंबर, सकाळची गडबड. आता किडनीचा निरोप आलाच तर मधुकररावांच्याच नंबरवर येणार, आणि तो तर मेलेला.

देवघरासमोर ते उभे राहिले. डबा उघडायचा नव्हता. पण सिम डब्याच्या बाहेर होतं! ते तेवढं काढून जुन्या फोनात टाकावं, म्हणजे पितरांचंही राहील आणि फोनचंही. त्यांनी रबर सोडलं, फुगलेली बॅटरी नखांनी उचकटली, सिम बदललं, बॅटरी दाबून बसवली. बटण दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं. अंगठा पांढरा पडेपर्यंत दाबून धरलं. जुन्या फोननं राम म्हटला होता.

मधुकरराव खाली बसले. एकीकडे फ्रिज होता, केशवचे सुजलेले पाय होते. ज्या चुकीनं मुलगा असा झाला असं ते मानत होते, तीच चूक पुन्हा, तीही अमावस्येला, आणि तीही त्याच मुलासाठी. दुसरीकडे फोन वाजायला पाहिजे होता. त्यांना रडू यायला लागलं. "गोपिका," ते मोठ्यानं म्हणाले, "आता तरी बोल वं काही."

गोपिका तेव्हाही बोलली नव्हती. त्यांनी डबा ओढला आणि सील दातांनी तोडलं.

चकचकीत काचेत त्यांना आपला चेहरा दिसला. सिमची खाच उघडायला टाचणी होती, ती दोनदा हातून पडली. फोननं भाषा विचारली, तारीख विचारली, बोटाचा ठसा मागितला, नाना चौकशा केल्या. मधुकररावांनी आयुष्यभर लोकांना अर्ज भरायला लावले होते, त्याचा आज फोननं सूड घेतला. शेवटी एक दांडी आली. मग तीन. त्यांनी नंबर लावला.

"बोला मधुकरराव काका," मॅडमनी लगेच उचलला. नंबर ओळखीचा होता ना.

"मॅडम, आमचा फोन बंद होता. पहाटे तीनपासून. तुम्ही... तुम्ही लावला होता काय?"

"नाही हो काका. आज काहीच नाही."

मधुकररावांनी भिंतीला हात टेकवला.

"आणि काका, एवढं घाबरू नका," मॅडम पुढे म्हणाल्या. "तुमचा नंबर तिसरा आहे. पहिला चारुशीलाताईंचा, दुसरा केशवदादांचा. गेल्या वर्षी त्या चाचणीनंतर ताईच येऊन बदलून गेल्या. तुम्हाला सांगितलं नाही का त्यांनी?"

"सांगतलं होतं," मधुकरराव म्हणाले. "मीच विसरलो."

त्यांनी फोन ठेवला. जीव भांड्यात पडला होता, यात शंका नाही. मग राग आला. वर्षभर न्हाणीत, संडासात, लग्नाच्या पंगतीत आपण तिसऱ्या नंबराची राखण केली, आणि घरातल्या दोघांना ते ठाऊक होतं! मग त्यांना चारुशीलाचं ते "बरं" आठवलं. डबा चार दिवस देवघरात राहिला तरी केशवचं काही बिघडणार नाही, हे तिला माहीत होतं. तिला नुसतं जिंकायचं असतं तर एका वाक्यात जिंकली असती. पण मग सासऱ्याकडे काय उरलं असतं? राग त्यांना धरून ठेवता येईना. लाज मात्र वाटत राहिली, आणि तिच्याविषयी एक माया, जी या घरात कोणी कधी बोलून दाखवत नसे.

गच्चीवर गेले तेव्हा पानातला वडा नव्हता. कावळ्यानं नेला की खारीनं, याची त्यांनी चौकशी केली नाही.

एकच्या सुमारास ऑटो आला. केशव नेहमीसारखा गळून गेला होता, तो आत जाऊन आडवा झाला. चारुशीला हातपाय धुऊन देवघरापाशी आली आणि उघडा डबा पाहून थबकली.

"बाबा! आज अमावस्या..."

"जुनाच आहे तो. नंदिनीचं काय ऐकायचं, दुकानदार लोक काहीही सांगतात." मधुकरराव उठले. "तुया फोनची बॅटरी किती आहे?"

तिनं गोंधळून पाहिलं. "ऐंशी. काहून?"

ते न्हाणीत गेले, खिळ्यावरची पिशवी काढून आणली, धोतराच्या सोग्यानं पुसली आणि तिच्यापुढे धरली. "हे घे. न्हाणीत नेत जाय. आंघोळीले दहा-बारा मिनिटं लागतात, तेवढ्यात फोन येऊन जाते."

"अन् तुम्हाले?"

"मले दुसरी आणजो बर्डीवरून. तिसरा नंबर असला म्हणून काय झालं, लागला तर पाहिजे."

चारुशीलानं त्यांच्याकडे पाहिलं. पदरानं डोळे टिपून तिनं फोन पिशवीत घातला आणि झिप दोनदा दाबून पाहिली.